फोटोही हवा, शूटिंगही हवे : कॅमेरा घेताना

गेल्या हंगामात सोयाबीनचे पैसे हातात आले आणि इंझोरीहून भाच्याचा फोन आला. "मामा, कॅमेरा घ्याचा हाय. फोटोबी चांगले आले पाहिजे अन् शूटिंगबी झाली पाहिजे. साठ हजारात कोन्ता येते?" त्याच्या हातून फोन घेऊन बहीण म्हणाली, "दादा, त्याले नीट समजावून सांग. बचत गटाचेबी पैसे हायेत त्यात."

साठ हजार रुपये म्हणजे किती, हे मानोरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्या हिशेबाने ही सव्वाअकरा क्विंटलची रक्कम झाली, आणि बाजारात हमीभाव मिळतोच असे नाही. भाच्याला गावातली साक्षगंधे, नामकरणे, गृहप्रवेश, चौदा एप्रिलची मिरवणूक अशी लहानसहान कामे धरायची आहेत. म्हणजे कॅमेरा हे त्याचे हत्यार. ते चुकीचे निघाले तर गटाचा हप्ता मात्र चुकणार नाही. असा प्रश्न आपल्या अनेक घरांत आज निघतो, म्हणून त्याला जे सांगितले ते वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहितो.

त्याआधी आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. या बहिणीचे लग्न १९९६ साली झाले. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा व्हायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. पैसे जमवून आम्ही 'व्हिडिओवाला' सांगितला होता. खांद्यावर मोठा व्हीएचएस कॅमेरा, मागे हॅलोजन धरणारा पोरगा, आणि मंडपामागे जनरेटर. आमचे वडील चारचौघांत कधी बोलत नसत. त्या दिवशी ते माइकसमोर उभे राहिले आणि दोन-तीन मिनिटे बोलले. पुढे ते गेले. आज ती कॅसेट लावली की वडिलांचे ओठ हलताना दिसतात, आणि ऐकू येते ती जनरेटरची घरघर. कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यावरच होता आणि कॅमेरा जनरेटरजवळ होता. चूक त्या माणसाची म्हणावी तर त्याच्याजवळ दुसरे साधनच नव्हते.

म्हणून मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "त्या कॅमेऱ्याले बाहेरचा माइक लागते का?" तो म्हणाला, "दुकानदारानं मेगापिक्सेल सांगतले, माइकचं नाही सांगतलं."

इथेच बहुतेकांची फसगत होते. फोटोच्या कॅमेऱ्यात शूटिंगची सोय तशी अलीकडची आहे. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यांत ती प्रथम आली २००८ साली, निकॉनच्या डी९० मध्ये. त्याचे एक एचडी शूटिंग फार तर पाच मिनिटे चाले. त्याच वर्षी कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि फुल एचडी चित्र काढू लागला. २०१० साली अमेरिकेतल्या 'हाउस' या दूरदर्शन मालिकेचा एक अख्खा भाग त्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. तेव्हापासून "फोटोचा कॅमेरा सिनेमासुद्धा काढतो" हे सर्वतोमुखी झाले. पण सिनेमावाले आवाज वेगळ्या यंत्रावर घेतात, हे सांगायचे राहून गेले.

बाजारात आजही दिसणारा, नवा-जुना दोन्ही मिळणारा कॅनन १५००डी घ्या. फोटो उत्तम, चोवीस मेगापिक्सेल, किंमत आवाक्यातली. पण त्याला बाहेरच्या माइकचे छिद्रच नाही. शिवाय शूटिंग चालू असताना त्याचा फोकस चाचपडतो. नवरी दोन पावले पुढे आली की चित्र धूसर होते. फक्त फोटो काढणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. शूटिंगच्या कामाला तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शूटिंगमध्ये फोकस चेहऱ्याला धरून राहावा यासाठी कॅननने २०१३ साली ७०डी मध्ये एक युक्ती आणली. तिला 'ड्युअल पिक्सेल' म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग केलेले असतात. दोन्हींना दिसणाऱ्या चित्रातला फरक पाहून लेन्स किती आणि कोणत्या बाजूला फिरवायची हे कॅमेऱ्याला लगेच कळते. २०१७ च्या २००डी मध्ये ही सोय आहे, माइकचे छिद्र आहे आणि बाजूला वळणारा पडदाही आहे. त्यापुढचा २००डी मार्क टू २०१९ चा. त्याच्या खोक्यावर 'फोर-के' लिहिलेले असते. पण फोर-के लावले की चित्राच्या कडा कापल्या जातात आणि ड्युअल पिक्सेल चालत नाही. २०२३ च्या आर१०० चेही तेच. म्हणजे ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजायचे, तो वापरताना दुसरा गुण हातचा जातो. दुकानात हे आपणहून कोणी सांगत नाही.

फोर-के लागते तरी कुणाला, हाही विचार करावा. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे वीस लाख ठिपके असतात. चार बाय सहा इंचांचा चांगला फोटो छापायला जवळपास तेवढेच लागतात. फोर-केमध्ये ते त्र्याऐंशी लाखांच्या घरात जातात, पण सेकंदाला शंभर मेगाबिटने मुद्रण केले तर तासाला ४५ जीबी जागा खाते. तेवढे साठवायचे कुठे, आणि घरच्या जुन्या संगणकावर जोडकाम कसे करायचे? टीव्हीवर पाहणाऱ्या पाहुण्यांना नीट फोकस झालेले फुल एचडी भरपूर होते.

नव्यातच घ्यायचा आणि पंच्याहत्तर हजारांपर्यंत हात जात असेल, तर तीन नावे सांगतो. सोनीचा झेडव्ही-ई१०, निकॉनचा झेड३० आणि कॅननचा आर५०. तिन्हींना माइकचे छिद्र आहे, तिन्हींचा शूटिंगमधला फोकस भरवशाचा आहे. सोनीला हेडफोनही लागतो, म्हणजे काय मुद्रित होत आहे ते त्याच वेळी कानाने कळते. मात्र सोनी आणि निकॉन या दोघांना डोळा लावायची खिडकी नाही; भर उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही आणि डोक्यावर गमछा घेऊन फोटो काढावे लागतात. कॅननला ती आहे. आर५० एका वेळी तासभर मुद्रण करतो, झेड३० सव्वाशे मिनिटांपर्यंत. जुने कॅनन २९ मिनिटे ५९ सेकंदांवर आपोआप थांबतात. याचे कारण मोठे गमतीचे आहे. अर्ध्या तासाहून जास्त मुद्रण करणारे यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यात धरले जाई आणि त्यावर जकात अधिक पडे. युरोपची जकात वाचवण्यासाठी घातलेला आळा इंझोरीतल्या लग्नात आडवा येतो! त्यावर उपाय एकच : पंचविसाव्या मिनिटाला, बोलणे संपून टाळ्या चालू असताना आपणच बंद करून पुन्हा चालू करावा.

उन्हाचेही सांगतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात साधारणपणे शून्य ते चाळीस अंश तापमानात वापरा, असे छापलेले असते. आपल्याकडे जयंती एप्रिलमध्ये, लग्ने मे महिन्यात, आणि पारा चाळीसच्या वर! त्यातून फोर-केवर यंत्र आतूनही तापते आणि ऐन वेळी बंद पडते. छत्री धरणारा एक भाऊ सोबत ठेवावा, मिरवणुकीत अखंड मुद्रण न करता थांबून थांबून करावे. ओली फडकी मात्र गुंडाळू नयेत. पावसाळ्यात उलटा त्रास. लेन्सवर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा.

आणि ज्यांना धंदा करायचा नाही, घरच्या मुलांचे वाढदिवस तेवढे टिपायचे आहेत, त्यांनी कॅमेरा घेऊच नये. हातातला चांगला मोबाइल दिवसाच्या उजेडात पुरेसे सुंदर चित्र काढतो. रात्रीचा मंडप आणि दूरचा मंच, या दोन ठिकाणी तो उणा पडतो.

भाच्याला मी सुचवले ते जुना २००डी. तो थोडा हिरमुसला. नव्या खोक्याचा आनंद मलाही कळतो. पण आम्ही अकोल्याला जाऊन पाहिला तो कॅमेरा अठरा-पंचावन्नच्या लेन्ससह चोवीस हजारांना ठरला. जुना माल घेताना घाई करू नये. आम्ही तिथे बसून वीस मिनिटे सलग शूटिंग केले. पांढऱ्या भिंतीचा फोटो लेन्सचे छिद्र सर्वांत लहान करून काढला आणि मोठा करून धुळीचे डाग पाहिले. लेन्समधून बॅटरीचा उजेड टाकून आत जाळ्यासारखी बुरशी आहे का तपासले. सोबत नेलेला माइक छिद्रात घालून बोललो आणि पुन्हा लावून ऐकले, कारण ते छिद्र सैल झालेले असले तर एका कानाचा आवाज गायब होतो. मूळ बिल आणि त्यावरचा क्रमांक जुळवला. एवढे करू न देणाऱ्या माणसाकडून घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त देवो.

उरलेल्या पैशातून घेतले ते सामान दिसायला क्षुल्लक. कॉलरला लावायचा सहा मीटर वायरचा बोया बीवाय-एम१ माइक. तो हजार रुपयांच्या आत-बाहेर येतो. जास्तीची एक बॅटरी, 'व्ही३०' खूण असलेले चौसष्ट जीबीचे कार्ड, एक तिपाई, एक लहान एलईडी दिवा. सगळे मिळून बत्तीस हजारांच्या आसपास गेले आणि बहिणीने उरलेले गटाच्या खात्यात परत टाकले. पन्नास मिलिमीटरची लेन्स घे म्हणून दुकानातला पोरगा मागे लागला होता. फोटोला ती छानच. पण आपल्या आठ बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी नवरा-नवरीचे पाय चित्रात येत नाहीत. ती नंतर कधीतरी.

मग सेटिंग. मेनूमध्ये व्हिडिओची पद्धत 'पाल' ठेवली, सेकंदाला २५ चित्रे, शटर एक पन्नासांश. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर याच्याशी जुळले नाही तर चित्रात पट्टे फिरतात. आवाज 'ऑटो' वरून काढून हाताने लावायला सांगितला, बोलताना काटा उणे बाराच्या आसपास राहील असा. ऑटोवर ठेवले की बोलणारा थांबताच कॅमेरा पंख्याचा आवाज चढवतो. मंडपात लाउडस्पीकर असेल तर स्पीकरपासून थोड्या अंतरावर एक मोबाइल मुद्रणाला लावून ठेवावा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. पुढे ती टाळी जुळवून दोन्ही आवाज एकत्र बसवता येतात. मंगल परिणयात वधू-वर त्रिशरण-पंचशील म्हणतात, तेव्हा हलक्या आवाजात म्हणतात. ते बँडपेक्षा जास्त जपायचे असते.

चित्रीकरणाची किंमत आपल्या समाजाने फार पूर्वी मोजली आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा मुंबईत निघाली, तेव्हा ती नामदेव व्हटकरांनी स्वतः पदरमोड करून चित्रित केली. फिल्म फुटाफुटाने विकत घ्यावी लागे, तो काळ. त्या दिवसाचे फोटो पुष्कळ आहेत. परंतु माणसे चालत होती, ढकलली जात होती, पुन्हा उभी राहत होती, हे कळते ते त्या हलत्या चित्रावरून.

भाच्याचे पहिले काम बाहेरचे नव्हते. सरावासाठी म्हणून त्याने आपल्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, अंगणात खाटेवर बसवले. पदराला माइक लावला, वायर खाटेखालून घेतली. आई आधी म्हणाली, "माह्या फोटो कायले काहाडते, तोंडात दात नाहीत." मग त्याने विचारले, "आजी, आईच्या लग्नात आबा काय बोलले होते?"

आईला सगळे आठवत होते. वडिलांनी पाहुण्यांना सांगितले होते की पोरगी सातवीपर्यंत शिकली आहे, पुढे शिकवायची माझी ऐपत झाली नाही; तुमच्या घरी तिला पुस्तक हाती धरू द्या. एवढेच. शेवटी म्हणे त्यांना माइक बंद कसा करतात ते कळेना, म्हणून तो हातात घेऊनच ते खाली बसले. हे सांगताना आई हसते, तेही स्पष्ट ऐकू येते. मागे कोंबडी ओरडते, एक मोटारसायकल जाते. पण शब्दन् शब्द कळतो.

बावीस मिनिटांचे ते शूटिंग सुमारे पाच जीबीचे झाले. एक प्रत भाच्याच्या संगणकावर आहे, दुसरी माझ्याकडे हार्ड डिस्कवर. बहिणीने तिसरी पेनड्राइव्हवर मागून घेतली आहे.