कालवांची सांथ

रोग म्हटला कीं मनुष्यें आणि गुरेंढोरें यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. एखाद्या शेतकऱ्याच्या मुलास फार तर गव्हावरील तांबेरा आठवेल. परंतु समुद्राच्या तळाशीं आयुष्यभर एका जागीं चिकटून राहणाऱ्या कालवांतहि सांथ येते, आणि ती दोनतीन वर्षांत वस्तीच्या वस्ती ओस पाडते, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस नवीन वाटेल. अमेरिकेच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यांवर कालवांचे जे दोन रोग माजले, त्यांची हकीकत येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. समुद्रांतील अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या रोगांत इतका दीर्घ आणि कसून अभ्यास फारच थोड्यांचा झालेला आहे.

प्रथम कालवाची शरीररचना थोडी ध्यानांत घ्यावी लागेल. कोंकणांत ज्यांचें घर आहे त्यांनीं ओहोटीच्या वेळीं खडकांवरून कालवें फोडून काढणाऱ्या बायका पाहिल्याच असतील. दोन शिंपले, त्यांच्यामध्यें मऊ देह, आणि ते शिंपले घट्ट मिटून धरणारा एक बळकट स्नायु, इतकाच काय तो बाहेरून दिसणारा संसार. कालव अन्न शोधण्यास कोठें जात नाहीं. तें समुद्राचें पाणी आंत ओढतें, कल्ल्यांवरून गाळतें, आणि गाळांत सांपडलेल्या सूक्ष्म वनस्पति खातें. मोठें कालव याप्रमाणें एका तासांत कित्येक लिटर पाणी गाळूं शकतें. अर्थात् पाण्यांत जें जें असेल तें तें त्याच्या दारीं येणारच. त्याचें रक्तहि आपल्यासारखें नलिकांत बंदिस्त नसतें. तें मांसामधील पोकळ्यांतून फिरतें, आणि त्यांतील रक्तपेशी शरीरांत वाटेल तेथें, आंतड्याच्या पोकळींतसुद्धां, संचार करितात. गोवराची लस टोंचल्यावर आपलें शरीर त्या रोगाची ओळख वर्षानुवर्षें लक्षांत ठेवितें. तशी सोय कालवाजवळ नाहीं. परका जंतु दिसला कीं रक्तपेशीनें त्यास गिळावें व पचवावें, हेंच त्याचें मुख्य संरक्षण होय.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. लुइझियाना संस्थानाच्या उथळ खाड्यांत लोक समुद्रतळाचा तुकडा खंडानें घेऊन त्यावर कालवांचें बीं पेरितात व मोठीं झालेलीं कालवें विकून उपजीविका करितात. १९४० नंतरच्या दशकांत हे मळे उन्हाळ्यामागून उन्हाळा मरूं लागले. त्याच पाण्यांत तेलाच्या विहिरी खणल्या जात होत्या. संशय तेलावर गेला, आणि कालववाल्यांनीं तेलकंपन्यांवर फिर्यादी केल्या. पोटावर पाय आलेल्या माणसानें शेजारीं उभ्या असलेल्या नव्या पाहुण्याकडे बोट दाखवावें यांत नवल तें काय? कंपन्यांनीं टेक्सासमधील एका महाविद्यालयाच्या संशोधनसंस्थेकडे चौकशी सोंपविली, आणि १९५० सालीं मॅकिन, ओवेन व कॉलियर या तिघांनीं मरणाऱ्या कालवांच्या मांसांत एक परोपजीवी जंतु आढळल्याचें प्रसिद्ध केलें. बुरशीच्या वर्गांतील समजून त्यांनीं त्यास ‘डर्मोसिस्टिडियम मरायनम’ असें नांव दिलें. पुढें तो बुरशी नव्हे असें ठरलें, आणि १९७८ पासून त्यास ‘पर्किन्सस मरायनस’ म्हणतात; परंतु रोगाचें ‘डर्मो’ हें नांव कोळ्यांच्या तोंडीं बसलें तें बसलेंच.

कंपन्यांच्या पैशानें झालेल्या चौकशीचा निकाल कंपन्यांस सोईचा निघाला, म्हणून कोणी त्याविषयीं साशंक राहिला असेल तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. पण तोच जंतु व्हर्जिनियाच्या चेसापीक खाडींतहि सांपडला, आणि तेथें तेलाच्या विहिरी नव्हत्या. तेल समुद्रास निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. या मरणाचें मुख्य कारण दुसरें होतें, एवढाच अर्थ.

हा जंतु कालवास मारतो कसा, हा या विषयांतील खरा मनोरंजक भाग होय. त्याच्या शेंदोनशें पेशी एका ओळींत मांडाव्या तेव्हां एक मिलिमीटर लांबी भरावी, इतका तो लहान. सूक्ष्मदर्शकाखालीं तो मुद्रेच्या अंगठीसारखा दिसतो. मध्यें मोठी पोकळी, आणि कडेस रेटलें गेलेलें केंद्रक हा जणूं अंगठीचा खडा. गाळलेल्या पाण्याबरोबर तो आंत आला कीं कालवाची रक्तपेशी त्यास वेढून गिळते. येथवर सर्व यथास्थित. गिळलेल्या जंतूवर रक्तपेशी प्राणवायूपासून बनविलेलीं तीव्र विषें सोडते, व सामान्य जंतु त्यांनीं मरून जातो. पर्किन्सस मात्र त्या विषांचा उतारा स्वतःजवळ बाळगून असतो. तो रक्तपेशीच्या पोटांत सुखानें राहतो, वाढतो, एकाचे अनेक होतो, आणि शेवटीं ती पेशी फुटून त्याची संतति मोकळी होते. ती पुन्हां दुसऱ्या रक्तपेशी गिळतातच!

फुटण्यापूर्वीं ती रक्तपेशी एका जागीं स्वस्थ बसलेली नसते. तिचा धर्मच फिरण्याचा. तेव्हां कोतवालानेंच चोरास घोंगडीखालीं घेऊन गांवभर हिंडवावें तसा प्रकार होतो. आणखी एक नवल २००७ सालीं उघडकीस आलें. रक्तपेशीच्या पृष्ठावर एक प्रथिन असतें. ठराविक शर्करा ओळखून परक्या पेशीस धरून ठेवणें हें त्याचें काम. कालवाच्या अन्नांतील सूक्ष्म वनस्पतिहि तें ओळखतें. पर्किन्ससच्या अंगावरील शर्करा त्यास विशेषच मानवते, आणि त्यामुळें जंतूचा पेशींत प्रवेश सुलभ होतो. ज्या हातानें शत्रूस पकडावयाचें, त्याच हातानें दार उघडलें जातें.

पुढचा क्रम हळूहळू चालतो. आंतड्याचें अस्तर व त्याभोंवतालचें मांस झिजतें, शिंपल्याची वाढ थांबते, अंडीं घालण्याची शक्ति उणावते. भरदार कालव पाणचट व निस्तेज होतें. अखेर मिटून धरणारा स्नायु दुबळा पडतो आणि शिंपले उघडे पडतात. मग खेंकडे व मासे उरलेलें काम करितात. मेलेल्या देहांतून सुटलेले जंतु शेजारचीं कालवें गाळून घेतात. मनुष्यास मात्र या जंतूपासून कांहीं अपाय होत नाहीं, हें खाणारांच्या समाधानासाठीं सांगून ठेवितों.

रोग ओळखण्याची जी युक्ति सॅमी रे यानें १९५२ सालीं प्रसिद्ध केली, ती आमच्या विद्यार्थ्यांस फार आवडेल असें वाटतें. कालवाच्या मांसाचा लहानसा तुकडा थायोग्लायकोलेट नांवाच्या पोषक द्रवांत कांहीं दिवस अंधारांत ठेवावयाचा. जंतु असल्यास त्याच्या पेशी त्यांत फुगून कितीतरी पट मोठ्या होतात. मग वर आयोडीनचे थेंब टाकले कीं त्या निळ्याकाळ्या होऊन चटकन् डोळ्यांत भरतात. बटाट्यांतील पिष्ट दाखविण्यास आपण वर्गांत वापरतों तेंच हें आयोडीन!

दुसऱ्या रोगाची हकीकत डेलावेअर खाडींतील आहे. १९५७ च्या वसंतऋतूंत तेथें कालवें मरूं लागलीं. त्यांच्या मांसांत अनेक केंद्रकें असलेला गोलाकार जंतु दिसला; तो कोणता हें न कळल्यामुळें ‘अनेक केंद्रकांचा अज्ञात गोल’ या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘एम्.एस्.एक्स्.’ म्हणूं लागले. १९६६ सालीं त्याचें शास्त्रीय नामकरण झालें. आज त्यास ‘हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी’ म्हणतात. खाडीच्या मुखाकडील खाऱ्या पाण्यांत लावलेल्या कालवांपैकीं शेंकडा ९० ते ९५ दोनतीन वर्षांत मेलीं. वरच्या अंगास, जेथें नदीचें गोडें पाणी मिसळतें तेथें, सुमारें निम्मीं वांचलीं. या फरकांतच रोगाची एक किल्ली आहे. भर समुद्राच्या हजार भाग पाण्यांत सुमारें ३५ भाग क्षार असतात. तें प्रमाण १० च्या खालीं गेलें कीं हा दुसरा जंतु कालवाच्या शरीरांतून नाहींसा होतो. डर्मोचा जंतु अधिक चिवट. गोड्या पाण्यानें तो दबतो, पण मरत नाहीं, आणि पाण्याची उष्णता २५ अंशांच्या वर गेली कीं पुन्हां उसळतो. म्हणून अवर्षणाचें वर्ष आणि सौम्य हिंवाळा हीं कालवांस अशुभ. १९९० नंतरच्या थोड्या वर्षांत हिंवाळे सौम्य होत गेले, तसतसा डर्मोहि डेलावेअरपासून उत्तरेस कॉड भूशिरापर्यंत पसरला.

एम्.एस्.एक्स्. आला कोठून? २००० सालीं त्याच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करितां तो पॅसिफिक महासागरांतील कालवांच्या अंगीं असलेला जंतु असल्याचें सिद्ध झालें. त्या कालवांस तो फारसा त्रास देत नाहीं. ज्या जातीशीं त्याचा पूर्वीं कधीं संबंध आला नव्हता तीवर मात्र तो काळ होऊन उतरला. मनुष्य एका समुद्राचे प्राणी दुसऱ्या समुद्रांत नेतो, तेव्हां बरोबर काय नेतो हें त्यास दिसत नाहीं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर १९७९ सालीं चपट्या कालवांत ‘बोनामिया’ जंतूची सांथ सुरू झाली, तिचें मूळहि कॅलिफोर्नियाहून आणलेल्या बियाण्यांत होतें. पर्किन्ससचा एक भाऊबंद आपल्या देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोत्यांच्या कालवांत असल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालें आहे.

उपाय काय? समुद्रांत औषध ओतितां येत नाहीं. रटगर्स विद्यापीठाच्या हॅरल्ड हॅस्किन यांनीं १९६० नंतर सांथींतून वांचलेल्या कालवांपासून पिढ्यानपिढ्या निवडक बीं तयार केलें, व एम्.एस्.एक्स्. पुढें त्याचा टिकाव अधिक लागला. खाडींतील रानटी कालवेंहि दुसऱ्या मोठ्या सांथीनंतर, म्हणजे १९८५-८६ नंतर, पुष्कळशीं त्या रोगास दाद देईनाशीं झालीं.

परंतु जंतूहि बदलतो. व्हर्जिनियाच्या सागरशास्त्रसंस्थेंत १९६० पासूनच्या कालवांच्या मांसाचे रंगविलेले छेद कांचपट्ट्यांवर जपून ठेविले आहेत. (बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळांत जुन्या कांचपट्ट्या धुवून पुन्हां वापरण्याची काटकसर चालते, तेथें ती चालली नाहीं हें बरें झालें.) ते छेद पुन्हां तपासून २०२१ सालीं असें प्रसिद्ध करण्यांत आलें कीं, १९८३ ते १९९० या अवधींत डर्मोच्या जंतूचें रूपच पालटलें. त्याच्या पेशी लहान झाल्या, वाढ जलद झाली, आणि पूर्वीं मुख्यत्वें खोल मांसांत राहणारा जंतु आंतड्याच्या अस्तरांत वसूं लागला. पूर्वींचा रेंगाळणारा रोग तेव्हांपासून घातक झाला. संशोधकांचा तर्क असा कीं, एम्.एस्.एक्स्. मुळें कालवें आधींच विरळ व अल्पायुषी झालीं होतीं. सावकाश वाढणाऱ्या जंतूचें पोषण दीर्घायुषी यजमानावरच होणार. तसा यजमान दुर्मिळ होतांच, त्याच्या मरणापूर्वीं आपली संतति बाहेर काढणारा घाईचा जंतु तेवढा उरला, आणि आज चेसापीकच्या पाण्यांत आढळतो तो हाच.