रविवारच्या मोटारी

ठाण्याच्या नौपाड्यात सकाळी दहाच्या सुमारास, गोखले रस्त्यावरून निघून विष्णुनगर आणि घंटाळीच्या आतल्या गल्ल्यांतून पायी फिरणाऱ्याच्या दृष्टीस एक गोष्ट सहज पडते: घरांतली नोकरदार माणसे आठ-सव्वाआठच्या लोकलने केव्हाच मुंबईस रवाना झालेली असतात, आणि त्यांच्या मोटारी मात्र जुन्या तिमजली इमारतींच्या कडेला, झाडांच्या पाचोळ्याखाली, कापडी खोळ पांघरून निश्चलपणे उभ्या असतात. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यापर्यंत आली, त्या गावाचा मध्यमवर्ग आजही कामावर आगगाडीनेच जातो, आणि मोटार बाळगतो ती रविवारी टिटवाळ्याच्या गणपतीस, लग्नामुंजींस, रात्री-अपरात्री इस्पितळ गाठण्यास व गणपतीत कोकणात उतरण्यास. त्यामुळे या भागात जी जुनी गाडी विक्रीस निघते तिची जाहिरात बहुधा एकाच शब्दप्रयोगाने होते: ‘कमी चाललेली’. डॉक्टरांची, एकाच हातातली आणि कमी चाललेली, ही त्रिगुणात्मक स्तुती ऐकली की गिऱ्हाईक विरघळते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. जुनी मोटार चालण्याने जितकी झिजते त्याहून अधिक ती उभी राहिल्याने खंगते, आणि हा न्याय तिच्या यंत्राला जितका लागू आहे तितकाच तिच्या कागदपत्रांनाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके फिरत होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांतली फियाट ११०० ही १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. तरीही काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरापर्यंत मुंबईत धावत राहिली, कारण शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीच्या आयुष्याची सरकारी मर्यादा वीस वर्षांची होती. मुंबईच्या खड्ड्यांतून, दमट खाऱ्या हवेतून, बहुधा दोन पाळ्यांत दोन चालकांच्या हातांखाली राबणारी ही गाडी कायद्याने थांबवीपर्यंत थांबली नाही. आणि त्याच काळात त्याच कारखान्यातून निघालेल्या कितीतरी खाजगी पद्मिनी, ज्यांना मालकांनी जिवापाड जपले, त्या इमारतींच्या आवारात तळापासून सडून भंगारात गेल्या. टॅक्सीवाल्याचे रहस्य एवढेच की त्याच्या गाडीचे दुखणे त्याला त्याच दिवशी कळत असे आणि ते दूर केल्याखेरीज त्याच्या घरची चूल पेटत नसे.

याच कंपनीचा आणखी एक धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. कल्याण-शीळ मार्गावर डोंबिवलीनजीक प्रीमियरचा जो दुसरा कारखाना होता, त्यात १९९० च्या दशकाच्या मध्यास फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत ‘३०९’ नावाची उत्तम मोटार तयार होऊ लागली; परंतु कामगार आणि व्यवस्थापन यांच्या तंट्यात हा संसार चार वर्षेही टिकला नाही, १९९७ साली प्यूजोने अंग काढून घेतले आणि ज्यांनी हौसेने ती गाडी घेतली होती ते मालक सुट्या भागांसाठी दारोदार हिंडू लागले. कारखान्याच्या त्या जमिनीवर आता गृहसंकुले उभी आहेत. मोटार चांगली असणे आणि ती जुनी झाल्यावर सांभाळता येण्याजोगी असणे या भिन्न गोष्टी आहेत. याउलट १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८०० ही काही फार भक्कम गाडी नव्हती. पण तिच्या ७९६ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाचे काम जाणणारा मिस्त्री गावोगाव निर्माण झाला, आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन बंद झाले तरी तिचा क्लच किंवा ब्रेक लायनर आजही ऑपेरा हाउसच्या दुकानांतून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर विनासायास मिळतो. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून प्रथम गाडी न पाहता आपल्या ओळखीच्या मिस्त्रीस विचारावे की तो कोणती गाडी डोळे मिटून उघडू शकतो.

आता परीक्षेकडे वळू. गिऱ्हाईक सामान्यतः रंगाची चकाकी पाहते, म्यूझिक सिस्टिम लावून पाहते आणि मीटरवरील आकडा वाचते. हा आकडा मागे फिरविणे ही कला फार जुनी आहे, आणि मीटर डिजिटल झाल्याने ती अधिकच सुलभ झाली आहे. म्हणून आकड्याऐवजी क्लचच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि चालकाच्या आसनाची उजवी कड पाहावी. तीस हजार किलोमीटरच्या गाडीचे रबर झिजून लोखंड दिसत नसते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: ‘३११८’ असे असल्यास तो टायर २०१८ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनला. नौपाड्यातल्या ‘कमी चाललेल्या’ गाडीची खूण हीच, की टायरची नक्षी कोरी करकरीत असते आणि रबर मात्र सात-आठ वर्षांचे, टणक व कडेला बारीक भेगा पडलेले असते. अशा टायरवर पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यास जाणे मी तरी पत्करणार नाही.

त्याहून महत्त्वाची परीक्षा म्हणजे पुरात बुडालेल्या गाडीची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीच्या पाण्याने कल्याणच्या परिसराची दैना केली, त्यानंतर कित्येक वर्षे बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येत राहिल्या. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली, त्या पुरानंतरही हा व्यापार चालला असेल यात नवल नाही. विक्रेता आसने धुतो, कार्पेट बदलतो, सुगंधी बाटली लावतो. पण सीटबेल्टचा पट्टा कोणी धूत नाही. तो संपूर्ण, अगदी शेवटापर्यंत, बाहेर ओढावा: एरवी आत गुंडाळलेल्या त्या शेवटच्या हातभर भागावर मातकट डाग किंवा पाण्याची आडवी रेघ दिसली, तर पुढे काही न बोलता उठावे. पायांखालची रबरी चटई उचलून पत्र्यावर बोट दाबावे. रुमालात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. इंजिन थंड असतानाच ऑइलचे झाकण उघडावे. आत दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलात मिसळते आहे असा संशय धरावा. आणि विक्रेत्याने ‘तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय’ असे म्हटले तर नम्रपणे दुसऱ्या दिवशी येतो म्हणावे, कारण थंड इंजिनाची पहिली सेल्फ आणि त्यानंतरचा निळा, पांढरा वा काळा धूर हाच त्याचा खरा कबुलीजबाब असतो.

यंत्राइतकेच दप्तरही तपासावयास हवे, आणि आमचे लोक येथेच हलगर्जीपणा करतात. जमिनीचा सातबारा पाहिल्याखेरीज गुंठाभर जागा न घेणारा गृहस्थ मोटारीच्या बाबतीत मात्र किल्ली हाती आली म्हणजे व्यवहार पुरा झाला असे समजतो. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून ते कोरेच ठेवावयाचे आणि गाडी दलालामार्फत एका हातून दुसऱ्या हाती जाऊ द्यावयाची, हा प्रघात सर्रास आहे; पण ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की गाडी कितीही हातांतून फिरली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याचीच. विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात चौदा दिवसांत खबर द्यावी आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरणाची दरखास्त करावी, असा कायदा आहे. कर्जाचा बोजा उतरला असल्याचा नमुना ३५ आणि ई-चलानांची थकबाकी नसल्याची खातरजमा ही खरेदीपूर्वीच करावी. विम्यातील ‘नो क्लेम’ची सवलत ही गाडीची नसून माणसाची असते, हे विक्रेता बहुधा सांगत नाही. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडील गाड्या इकडे मोहक दरांत येतात. त्यांच्या ना-हरकत दाखल्याचे हेलपाटे आणि महाराष्ट्राचा नव्याने भरावयाचा कर हिशेबात धरला की तो मोह आपोआप ओसरतो.

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावी लागते, ही समजूत आपल्याकडे व्यापाऱ्यांनी हेतुपुरस्सर पसरविली आहे. महाराष्ट्रात खाजगी गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करता येते. मात्र सरकारची इतराजी शुल्कातून प्रकट होऊ लागली आहे: सहाशे रुपयांचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांपुढील हलक्या मोटारींसाठी ते दहा हजारांवर नेण्यात आले.

उभ्या गाडीला काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. इमारतीपुढील पर्जन्यवृक्षाची बारीक पाने वायपरखालच्या जाळीत साठतात, तेथील निचऱ्याचे छिद्र बुजते, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी बाहेर न पडता आत पायांशी उतरते. मालकास हे कळते तेव्हा कार्पेटखालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटू लागलेले असतात. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. घड्याळ आणि अलार्म थेंबथेंब वीज खात बॅटरी उतरवितात. उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि त्यावरचा तंबाखूच्या पुडीचा उपाय गल्लीतले सगळेच सांगतात, उंदरांना मात्र तो माहीत नसावा. यात आता पेट्रोलची भर पडली आहे: वीस टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन हवेतला ओलावा शोषते, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील त्याकरिता बनविलेले नव्हते, आणि त्यांचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज खुद्द नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नोंदलेला आहे. रोज धावणाऱ्या गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते. रविवारच्या गाडीत तेच इंधन दोन-दोन महिने पडून राहते. अशांनी टाकी गरजेपुरतीच भरावी आणि रबरी इंधननळ्या एकदा बदलून घ्याव्यात. सीएनजी बसविलेली गाडी घेताना नोंदणीपत्रात ‘सीएनजी’ चढविले आहे काय आणि नळकांड्याची दर तीन वर्षांची दाबचाचणी झाली आहे काय, हे पाहणे अपरिहार्य आहे.

नौपाड्यातील निवृत्त मंडळींचा एक नित्यक्रम आहे: सकाळी खाली उतरून गाडी जागच्या जागी पाच मिनिटे चालू करावयाची आणि वर्तमानपत्र घेऊन वर जावयाचे. या विधीने पुण्य लागत असल्यास न कळे, गाडीचे मात्र अकल्याणच होते. इंजिन पुरते तापत नाही, आत पाण्याची वाफ साठते, आणि सेल्फने खर्चिलेली वीजदेखील बॅटरीस परत मिळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा कोपरीच्या पुलावरून पूर्व द्रुतगती मार्गाला लागून अर्धा-पाऊण तास गाडी सलग चालवावी, वाटेत एसी लावावा, ब्रेक नीट वापरावेत. ऑइल किलोमीटरांवर न मोजता वर्षावर मोजावे. दोन हजारच किलोमीटर झाले म्हणून तीन वर्षे तेच ऑइल ठेवणारा मनुष्य काटकसरी नव्हे. आणि गाडीच्या किमतीखेरीज तिच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम टायर, बॅटरी, बेल्ट, कूलंट व बुशांसाठी पहिल्याच महिन्यात बाजूला काढावी. ज्याच्यापाशी ती नाही त्याने अधिक स्वस्त गाडी घ्यावी, पण ही रक्कम सोडू नये.

इमारतींच्या पुनर्विकासाने गल्ल्यांतली जुनी गॅरेजे उठत चालली आहेत, मिस्त्री वागळे इस्टेटकडे वा कळव्यास गेले आहेत, आणि नव्या उंच इमारतींतल्या यांत्रिक पार्किंगच्या फळीवर बंद पडलेली गाडी खाली आणणे हा स्वतंत्र प्रसंग होऊन बसला आहे. तेव्हा माझा कौल असा: ज्यास रोज कल्याण-डोंबिवलीहून ठाण्यास किंवा नवी मुंबईस रस्त्याने जावे लागते त्याने जुनी गाडी खुशाल घ्यावी, ती त्यास फळेल, ज्यास ती केवळ रविवारी हवी आहे त्याने भाड्याची घ्यावी. आणि नौपाड्यातील ज्या आवारांत दिवंगत वडिलांच्या नावाची गाडी, मुले पुण्यास वा अमेरिकेत असल्यामुळे, वर्षानुवर्षे खोळीखाली उभी आहे, त्या घरांतील वारसांना एवढीच विनंती की त्यांनी नमुना ३१ भरून ती आधी आपल्या नावे करून घ्यावी, आणि तिची सेल्फ लागते आहे तोवरच ती रोज चालविणाऱ्या एखाद्या गरजूस विकून टाकावी.