सुटीतील शिबिर आणि एस. टी. चा प्रवास

वार्षिक परीक्षा आटोपल्या की मुलांना सुटीचे वेध लागतात. मोठ्या शहरांतील मुलांना या काळात छंदवर्ग, क्रीडांगणे, ग्रंथालये हाताशी असतात. देगलूरसारख्या सीमावर्ती तालुक्यातील खेड्यांत ही साधने मोजकीच आहेत. घराबाहेर चार दिवस राहून स्वावलंबनाचे व सहजीवनाचे धडे घेण्याची संधी येथील मुलांना निवासी शिबिरातूनच मिळू शकते. राष्ट्र सेवा दल (१९४१), भारत स्काउट्स आणि गाइड्स (१९५०) यांसारख्या संस्थांनी शिबिरांची परंपरा रुजविली आहे. परंतु शिबिर कितीही उत्तम असले, तरी मूल तेथे सुखरूप पोचेल आणि सुखरूप परतेल, याची खात्री पटल्यावाचून पालक संमती देत नाहीत. म्हणून प्रवासाची आखणी हा शिबिराचाच पहिला भाग समजला पाहिजे.

रस्त्याचा आधार

देगलूर शहरात रेल्वेस्थानक नाही. नांदेड, उदगीर किंवा सीमेपलीकडील तेलंगणा, कोठेही जावयाचे तर रस्त्यानेच जावे लागते. या भागात सरकारी मोटारवाहतुकीची परंपरा जुनी आहे. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी ही सेवा सुरू केली. मुंबई प्रांताची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. पुढे महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर मराठवाड्याची वाहतूकही महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात समाविष्ट झाली. आज देगलूर येथे महामंडळाचे आगार आहे.

गाडीची निवड

मुलांचा गट लहान असल्यास नियमित फेरीची गाडी सोयीची ठरते. पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. त्यामुळे मोठ्या मुली व सोबतच्या शिक्षिका यांचाही खर्च कमी होतो. गट मोठा असेल, तर प्रासंगिक करारावर पूर्ण गाडी घेणे इष्ट. शाळांच्या शैक्षणिक सहलींना या प्रकारात भाड्याची सवलत मिळते. ती आपल्या शिबिरास लागू होते का, त्यासाठी कोणती पत्रे लागतात, याची चौकशी आगारात पुष्कळ आधी करावी. शाळेमार्फत मुले जात असतील, तर शिक्षण खात्याची परवानगी आणि प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र घेणे अगत्याचे आहे.

निघण्यापूर्वी

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुपारच्या उन्हात तापलेल्या गाडीत लहान मुलांना लवकर थकवा येतो. देगलूरहून नरसी, नायगावमार्गे नांदेड सुमारे ऐंशी किलोमीटर आहे; पहाटे निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी तेथे पोचता येते. प्रत्येक मुलाजवळ पाण्याची बाटली, टोपी किंवा उपरणे असावे. निघताना पोटभर तेलकट खाणे टाळावे. ज्यांना गाडी लागते, त्यांना पुढील बाजूस खिडकीजवळ बसवून समोर दूरवर पाहण्यास सांगावे.

मुलांची यादी तीन प्रतींत करावी. एक गाडीतील प्रमुखाजवळ, एक शाळेत व एक शिबिरस्थानी असावी. तीत पालकांचा दूरध्वनी क्रमांक, मुलाचा आजार व चालू औषधे यांची नोंद हवी.

मोजणीची शिस्त

दहा मुलांमागे एक जबाबदार मोठी व्यक्ती आणि प्रत्येक मुलास एक जोडीदार, ही पद्धत सोपी व खात्रीची आहे. जोडीदार दिसत नसल्यास मुलाने ताबडतोब सांगावे. प्रत्येक थांब्यावर गाडी सुटण्यापूर्वी नावे घेऊन मोजणी व्हावी. नुसती डोकी मोजून भागत नाही. मोजणी पूर्ण झाल्याचे प्रमुखाने सांगितल्याशिवाय वाहकाने घंटी देऊ नये, असे आधीच ठरवून घ्यावे. खिडकीतून हात वा डोके बाहेर न काढणे, चालत्या गाडीत उभे न राहणे आणि उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता न ओलांडणे हे नियम निघण्यापूर्वी समजावून द्यावेत. संकटकालीन दरवाजा, प्रथमोपचार पेटी व अग्निशामक कोठे आहे, हे सोबतच्या शिक्षकांनी स्वतः पाहून घ्यावे.

जुलाब होऊन अंगातील पाणी कमी झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

पाण्याचा मोह

उन्हाने तापलेल्या मुलांना वाटेतील नदी, तलाव यांचा मोह पडतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रकिनारी सहलीस आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ते महाविद्यालयीन वयाचे होते. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. ठरविलेल्या थांब्यांखेरीज पाण्याजवळ गाडी थांबवू नये.

प्रवासातील शिक्षण

एवढी दक्षता घेतली की प्रवासच मुलांचा वर्ग बनतो. देगलूरच्या परिसरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दूही कानी पडते. शेजारच्या मुलाची गाणी ऐकणे, वयस्कर प्रवाशास जागा देणे, आपला कचरा पिशवीत ठेवणे या गोष्टी मुले गाडीतच शिकतात. परतीच्या वाटेवर सवड असल्यास तालुक्यातीलच होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे दाखविता येतात.

गाडी देगलूरला परत आली म्हणजे काम संपले असे नाही. यादीवर सही घेऊन प्रत्येक मूल पालकाच्या स्वाधीन करावे. खेड्यावर जाणारी शेवटची गाडी चुकलेल्या मुलाच्या मुक्कामाची सोयही आधीच ठरलेली असावी. शेवटचे मूल घरी पोचल्यावरच शिबिराचा समारोप झाला, असे मानावे. अशा रीतीने सुखरूप परतलेल्या एका मुलीमुळे पुढील वर्षी तिच्या वाडीतील आणखी चौघींना घरून होकार मिळू शकतो.