डर्बीचा भाव काय?

फेब्रुवारीतला रविवार. महालक्ष्मी स्टेशनवर लोकल थांबते आणि उतरणाऱ्या गर्दीतली काही माणसे चटकन ओळखू येतात. हातात घडी घातलेले रेसचे पुस्तक, खिशाला दोन रंगांची पेने आणि ओठांची सतत हालचाल... जणू स्तोत्रच पुटपुटताहेत! पण ते पुटपुटणे असते आकड्यांचे. कोणत्या घोड्याने मागच्या शर्यतीत किती वजन वाहिले, कितवा आला, पाठीवर जॉकी कोण होता. इंडियन डर्बी संपते अवघ्या अडीच मिनिटांत. तिचा हिशेब मात्र आठवडाभर आधीपासून सुरू झालेला असतो.

घोड्यांच्या शर्यती हा खेळ इंग्रजांनी आणला. जिथे छावणी तिथे त्यांची करमणूक हजर. जबलपूरच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांनी १८७५ साली स्नूकरचा खेळ शोधून काढला, असे सांगतात. पण जबलपूरच्या शौकिनाला डर्बी डोळ्यांनी पाहायची असेल, तर मुंबईची गाडी पकडण्यावाचून गत्यंतर नाही. महालक्ष्मीचे रेसकोर्स उभे राहिले १८८३ साली, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर. इंडियन डर्बी तिथे पहिल्यांदा धावली १९४३ साली आणि जिंकली ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने.

डर्बीत फक्त चार वर्षांचे घोडे धावतात. म्हणजे प्रत्येकाला आयुष्यात ही संधी एकदाच! अंतर २४०० मीटर. शौकिनांच्या डोक्याला खरा ताप इथेच होतो. डिसेंबरमध्ये गिनीज शर्यत होते, ती १६०० मीटरची. ती जिंकणारा घोडा वेगवान, यात शंका नाही. पण पुढचे ८०० मीटर त्याचा दम टिकेल का? मग बाप कोण, आई कोण, त्यांची इतर पिल्ले लांबच्या अंतरात कशी धावली, याची चर्चा रंगते. सोयरीक जुळवताना वधूवरांच्या घराण्याची इतकी चौकशी होत नसेल. काही हौशी तर पहाटेच रेसकोर्स गाठतात. फेरफटका मारणारे मारत असतात आणि हे कठड्याला टेकून, स्टॉपवॉच धरून घोड्यांचा सराव टिपत असतात.

जॉकीही तोलला जातो. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा डर्बी जिंकली. ते ज्या घोड्यावर बसत, त्याचा भाव त्यांच्या नुसत्या नावानेच पडे. पुस्तकात जॉकी म्हणजे एका ओळीतले नाव. त्या ओळीमागचा धोका मात्र छापलेला नसतो. कार्ल उम्रीगर हा तरुण जॉकी १९७९ साली याच मैदानावर पडून जखमी झाला आणि त्यातच गेला. वय जेमतेम एकोणीस.

आता मुख्य गोष्ट. भाव.

नवख्या माणसाला वाटते, जिंकणारा घोडा ओळखला की झाले. मुरलेला शौकीन तसा विचार करत नाही. त्याच्या लेखी जिंकण्याजोगा घोडा वेगळा आणि पैसे लावण्याजोगा घोडा वेगळा. फेवरिटचा भाव बरोबरीचा असेल, म्हणजे शंभर लावले तर शंभर नफा, तर तो घोडा अशा दहा शर्यतींपैकी निदान पाच जिंकायला हवा. चारच जिंकेल असे वाटत असेल, तर तो कितीही देखणा असो, सोडून द्यावा. उलट एखाद्याचा भाव एकास चार आहे. पाचांत एकदा जिंकला तरी पैसे फिटतात, आणि आपल्या हिशेबाने तो चारांत एकदा जिंकेल. मग तोच खरा सौदा. अर्थात हे 'आपल्या हिशेबाने' फार फसवे असते!

बुकीही काही धर्मादाय दुकान उघडून बसलेला नाही. समजा, शर्यतीत सहाच घोडे आहेत आणि भाव आहेत बरोबरीचा, एकास दोन, एकास चार, एकास सहा, एकास दहा आणि एकास वीस. या भावांतून निघणारी जिंकण्याची शक्यता अनुक्रमे ५०, ३३, २०, १४, ९ आणि ५ टक्के. बेरीज करून पाहा. ती १०० यायला हवी, येते १३१! वरचे ३१ म्हणजे बुकीचे पोट.

टोटचा मामला वेगळा. तिथे पैसे लावणारेच एकमेकांविरुद्ध लावतात. समजा, एक लाख रुपये जमले आणि क्लबचा वाटा व कर मिळून २० हजार कापले गेले. उरलेले ८० हजार जिंकणाऱ्यांत वाटायचे. विजयी घोड्यावर सगळ्यांचे मिळून १६ हजार लागले असतील, तर दहाच्या तिकिटाला पन्नास मिळतील. त्याच घोड्यावर ४० हजार लागले असतील, तर वीसच. म्हणून टोटच्या खिडकीशी उभा असलेला माणूस शेवटपर्यंत पडद्यावरचे आकडे पाहत राहतो. घोड्याइतकाच त्याला शेजाऱ्यांच्या मनाचा अंदाज घ्यायचा असतो. तबेल्यातून आलेली 'आतली बातमी' तर प्रत्येकाच्याच खिशात असते आणि दर खिशात घोडा निराळा.

हा जुगार की कसब? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की, घोड्यांच्या शर्यतीत प्रामुख्याने कसब लागते, तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. शौकीन हा निकाल घरी बायकोला ऐकवतात. सरकार मात्र कर लावताना शर्यतीला लॉटरी आणि कॅसिनोच्याच पंक्तीला बसवते. २०१७ साली जीएसटी आला तो २८ टक्क्यांचा, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शिवाय मोठी रक्कम जिंकली तर तिच्यावर तीस टक्के आयकर आहेच. कसब कितीही असो, इतके ओझे पाठीवर घेऊन पळणे घोड्यालाही जमायचे नाही. कर चुकवण्याच्या मोहाने बेकायदा बुकीकडे वळणारे आहेत. तिथे भाव बरा मिळतो, पण पैसे बुडाले तर तक्रार कोणाकडे करायची?

घरच्यांना मात्र भावाशी कर्तव्य नसते. त्यांचा प्रश्न साधा, पगारातले किती गेले? समजूतदार शौकीन ठरलेली रक्कम वेगळ्या पाकिटात घालून निघतो आणि परतीचे तिकीट आधीच काढून ठेवतो. पाकीट रिकामे झाले की तो नुसता प्रेक्षक. हे पथ्य पाळणे घोडा निवडण्यापेक्षा अवघड असते. कारण गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुढची शर्यत अर्ध्या तासावर उभीच असते, आणि हरलेला माणूस नेमका तेव्हाच भाव न पाहता पैसे लावतो.

डर्बीचे घोडे पॅडॉकमध्ये फिरू लागतात. कठड्याभोवती माणसे दाटतात. कोणी घामेजलेली मान पाहून नाक मुरडतो, कोणी चाल पाहून ऐन वेळी घोडा बदलतो. आठवड्याचा हिशेब दोन मिनिटांत पुसला जातो! मग फाटक उघडते, गलका उठतो, शेवटच्या वळणानंतर तो कानठळ्या बसवतो आणि एकदम ओसरतो. जमिनीवर फाटक्या तिकिटांचा सडा पडतो. दोन-तीन माणसे वाकून ती तिकिटे उलटून पाहत असतात, कोणी चुकून जिंकलेले टाकले आहे का. बाकीच्यांनी पुस्तकाचे पान उलटलेले असते.