स्पोर्ट्‌स कारच्या पुढील क्रमांकपाटीसाठी काढता येण्याजोगे ब्रॅकेट : एक रचनाविचार

मोटारीच्या पुढील भागावरील क्रमांकपाटी ही यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अगदी क्षुल्लक वस्तू समजली जाते. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याला दोन भोके आणि दोन रिव्हेट. यापलीकडे तिच्याकडे पाहण्याचे अभियंत्यास सहसा कारण पडत नाही. नाशिकच्या सातपूर येथील कारखान्यातून ज्या स्कॉर्पिओ व थार गाड्या बाहेर पडल्या, त्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न उद्भवतच नाही. त्यांचे नाक उभे, बंपर रुंद आणि पाटीला जागा मुबलक. परंतु मोटारीचे नाक जसजसे जमिनीकडे उतरते आणि हवा आत घेण्याचे तोंड त्या नाकातच उघडते, तसतशी हीच पाटी अडचणीची होऊ लागते. ती रेडिएटरची वाट अडविते, जाळीमागे बसविलेल्या रडारच्या पुढे धातूचा पडदा उभा करते, आणि तिच्यासाठी बंपरला पाडलेली भोके कायमची राहून जातात. अशा गाडीसाठी काढता-घालता येणारे ब्रॅकेट करावे ही कल्पना या अडचणीतून निघते. ती वरवर सोपी दिसते; तिच्यातील खरी गुंतागुंत मात्र कायदा व यंत्ररचना यांच्या सांध्यावर आहे.

या अडचणीचा इतिहास जुना आहे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली वाहनांवर ओळखपाटी लावण्याचा हुकूम काढला, त्यावेळी मोटारीला ‘नाक’ म्हणण्याजोगे काही नव्हतेच. १९६१ साली जग्वार ई-टाइप बाजारात आली, तेव्हा तिच्या लांब व निमुळत्या पुढील भागावर पाटीला जागा सापडेना. इंग्लंडात तिचा क्रमांक बॉनेटवरच चिकटविण्याची रीत पडली. आल्फा रोमिओ १५६ या १९९७ च्या गाडीत मधली त्रिकोणी जाळी मोकळी राहावी म्हणून पाटीच एका बाजूस सरकविण्यात आली. अमेरिकेतील फ्लोरिडा, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत पुढच्या पाटीची सक्ती नाही. तेथील गाडी ती सक्ती असलेल्या राज्यात गेली की बंपर न भोसकता पाटी लावायची कशी, हा प्रश्न येई. टोइंग हुकच्या जागी बसणारे ब्रॅकेट हे मुख्यतः त्या प्रश्नाचे उत्तर होय.

भारतात मात्र परिस्थिती निराळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या प्रत्येक वाहनावर नोंदणीचिन्ह विहित रीतीने दर्शविलेले असले पाहिजे. ही विहित रीत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० व ५१ यांत सांगितली आहे : अक्षरे रोमन, आकडे आंतरराष्ट्रीय, मोटारीसाठी पाटीचे माप ५०० × १२० किंवा ३४० × २०० मि.मी. महाराष्ट्रात ४१४१ हे आकडे वळवून ‘दादा’ असे लिहिण्याची जी हौस दिसते, ती या नियमांत कोठेच बसत नाही. २००१ साली या नियमांत उच्च सुरक्षा क्रमांकपाटीची भर पडली. क्रोमियमचे होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसविल्यावर तोडल्यावाचून न निघणारे स्नॅप लॉक ही तिची लक्षणे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती उत्पादकाकडूनच मिळू लागली. त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती लावण्याची सक्ती महाराष्ट्रात पुढे करण्यात आली.

या कठोरतेमागील कारण ध्यानात घेतल्यावाचून ब्रॅकेटची रचना करणे अयोग्य ठरेल. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत एका उद्योगपतीच्या निवासस्थानाजवळ स्फोटके ठेवलेली जी स्कॉर्पिओ सापडली, तिच्यावरील क्रमांक खोटा होता आणि गाडीत आणखी पाट्याही मिळाल्या. सहज निघणारी पाटी ही सहज चोरीस जाणारी पाटी असते, आणि चोरीस गेलेल्या पाटीमुळे कॅमेऱ्याने टिपलेल्या अपराधाचे चलन निरपराध मालकाच्या घरी येते. म्हणजे ज्या गुणासाठी हे ब्रॅकेट करावयाचे, तोच गुण नियमकर्त्यास दोष वाटतो. हा विरोध शब्दांनी मिटणारा नाही. तो रचनेनेच मिटवावा लागतो.

रचनेतील मुख्य सूत्र असे : पाटी आणि गाडी यांमध्ये एक सांधा न मानता दोन मानावेत. पहिला सांधा पाटी व तिच्यामागील पाठपत्रा यांचा. तो स्नॅप लॉकने कायमचा करावा आणि त्यास पुढे कधीही हात लावू नये. दुसरा सांधा पाठपत्रा व गाडी यांचा. काढता येण्याचा गुण केवळ या दुसऱ्या सांध्यात असावा, आणि तोही असा की, किल्ली व पाना या दोहोंवाचून तो सुटू नये. चुंबकाने चिकटणाऱ्या किंवा चिमटीने निघणाऱ्या पाट्या, तसेच कळ दाबताच उलटणाऱ्या पाट्या या कसोटीस उतरत नाहीत. दुसऱ्या प्रकारास तर लबाडीचे साधन म्हणणेच योग्य. दोन सांध्यांची रचना नियमाच्या हेतूशी सुसंगत असली, तरी पाठपत्रा म्हणजे ‘वाहन’ की नव्हे, याचा निर्णय अभियंत्याने करावयाचा नसतो. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी रचनेचे रेखाचित्र परिवहन कार्यालयास दाखवावे. नाशिकच्या, म्हणजे एमएच-१५ क्रमांकाच्या वाहनधारकास त्यासाठी पेठ रस्त्यापर्यंत जावे लागते, इतकाच त्रास. पाठपत्रा आधी तयार असावा आणि पाटी बसविणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच ती त्यावर बसवून घ्यावी, हा क्रमही महत्त्वाचा आहे. तो उलटा केल्यास लॉक तोडावे लागते.

आता दुसऱ्या सांध्याकडे वळावयाचे. बंपर हा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर भार टाकण्यात अर्थ नाही. त्याच्यामागे धातूची तुळई असते आणि तिच्यात टोइंग हुक पिळण्यासाठी आटे पाडलेली नळी बसविलेली असते. गाडी ओढण्याचा भार सहन करणारी ही जागा पाटीसाठी आवश्यकतेहून कितीतरी अधिक मजबूत असते. ती मध्यावर नसून एका बाजूस असते, ही तिची एकमेव उणीव. त्यामुळे आट्यांत बसणारी सळई, तिच्यावरून बाजूस जाणारा दांडा आणि दांड्यावर पाठपत्रा असे ब्रॅकेटचे तीन भाग होतात.

प्रथम वाऱ्याचा भार पाहू जाता तो अपेक्षेहून पुष्कळच कमी निघतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथील उष्ण हवेची घनता घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरली, तर ताशी १२० किलोमीटर वेगास वाऱ्याचा दाब सुमारे ६१० पास्कल येतो. ५०० × १२० मि.मी. पाटीचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर आणि सपाट पत्र्याचा रोधगुणांक १.२ घेतल्यास बल सुमारे ४४ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोच्या वजनाइतके. चार मिलिमीटरचा साधा स्क्रूही ते पेलू शकतो. वाऱ्याने पाटी उडून जाईल या भीतीने जाडजूड लोखंड वापरण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती म्हणून अनाठायी आहे.

खरे शत्रू दोन : पिळ आणि कंप. पाटी, पाठपत्रा व जोडण्या मिळून ०.७ किलोग्रॅम वस्तुमान सळईच्या अक्षापासून २०० मि.मी. अंतरावर असेल, तर केवळ स्वतःच्या वजनाने सळईवर सुमारे १.४ न्यूटन-मीटरचा पिळ पडतो. खड्ड्यात पाचपट धक्का बसला की तो सातवर जातो. हा पिळ आटे घट्ट करणारा आहे की सैल करणारा, हे पाहण्याचे बहुतेक कारागिरांना सुचत नाही. गाडीकडे समोरून पाहावे. उजव्या आट्यांची सळई घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होते. टोइंगची नळी पाहणाराच्या डाव्या हातास, म्हणजे आपल्याकडील गाडीत चालकाच्या बाजूस असेल आणि पाटी तेथून मध्याकडे गेली असेल, तर वजन तिला घट्टच करीत राहील. नळी दुसऱ्या बाजूस असल्यास तेच वजन दर खड्ड्यागणिक तिला सोडवीत जाईल. त्यातच काही युरोपीय गाड्यांत टोइंग हुकचे आटे डावे असतात. तेथे सारा हिशेब उलटतो. याकरिता लेथवर सळई लावण्यापूर्वी गाडीबरोबर आलेला मूळ हुक हाती घेऊन त्याचा व्यास, आट्यांचे अंतर व दिशा मोजून घ्यावी. बाजारातील नमुन्यावर विसंबू नये.

आट्यांची आणखी एक खोड अशी की, सळई पूर्ण घट्ट झाली असता ती कोणत्या कोनात थांबेल हे सांगता येत नाही. पाटी तर आडवी सरळच हवी. लॉकनटचे काम येथे सुरू होते : सळई हव्या त्या कोनात थांबवून नटाने ती नळीच्या तोंडाशी आवळायची. नळी बंपरच्या आत खोल असल्यामुळे हा नट लांब, नळकांड्यासारखा करावा लागतो.

कंपाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. वर्कशॉपमध्ये हाताशी असते ती ३० × ५ मि.मी. मापाची लोखंडी पट्टी. दांडा तिचाच करण्याचा मोह स्वाभाविक आहे. अशी पट्टी उभी धरून २०० मि.मी. लांबीचा दांडा केला आणि त्याच्या टोकाशी ०.७ किलोग्रॅम टांगले, तर गाडीच्या पुढे-मागे होणाऱ्या हालचालीत तिची स्वाभाविक कंपसंख्या सेकंदास सुमारे ३० निघते. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीस दोन स्फोट होतात. मिनिटाला ८८५ फेऱ्यांस त्यांची संख्याही सेकंदास तीसच्या आसपास येते. म्हणजे गाडी सिग्नलपाशी नुसती उभी असतानाच पाटी थरथरू लागते, आणि काही महिन्यांत सांध्याजवळ पट्टीला तडा जातो. पट्टी जाड करून हे साधत नाही : आठ मिलिमीटर जाडीस कंपसंख्या साठ होते, ती मिनिटाला १,८०० फेऱ्यांशी जुळते, म्हणजे रोग रहदारीच्या नित्याच्या वेगात सरकतो. तिच्याऐवजी २५ × २५ मि.मी. मापाची, दोन मिलिमीटर जाडीची चौकोनी पोकळ नळी घेतली, तर धातू पावपटीहूनही कमी वाढतो व ताठपणा मात्र पन्नासपटींहून अधिक होतो. मग दुबळा दुवा दांडा राहत नाही, सळई राहते. ती १८ मि.मी. व्यासाची व १५० मि.मी. लांब असल्यास एकूण कंपसंख्या पंचाहत्तरच्या जवळ येते. इतके झाल्यावर पाठपत्र्याच्या दूरच्या टोकामागे बंपरला हलकेच टेकणारी रबराची गुटी बसवावी. उरलेला कंप ती गिळते. सळई मात्र शक्य तितकी आखूड ठेवावी. ती ताठपणासाठी आवश्यक आहेच, शिवाय लांब सळई लहानशा टकरीतही धक्का थेट तुळईवर नेते. अनधिकृत क्रॅश गार्डविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना जे बजावले, त्यामागील आक्षेप मूलतः हाच होता. पाठपत्र्याचे कोपरे गोल करणे यात ओघानेच आले.

किल्ली व पाना यांची सांगड पुढीलप्रमाणे घालता येते. सळईचे बाहेरचे टोक चौकोनी करावे आणि दांड्याच्या बुडाशी त्यावर सरकून बसणारी बाही असावी. बाही व सळई यांतून एक आडवी पिन जाते आणि पिनेच्या टोकास कुलूप असते. बाहीच्या तोंडाशी जोडलेली चकती बंपरमधील छिद्र झाकते. त्यामुळे पिन काढून बाही ओढल्याखेरीज लॉकनटापर्यंत पाना पोहोचूच शकत नाही. चोराला दांडा कापावा लागतो, आणि कापलेल्या दांड्यासकट मिळालेली पाटी दुसऱ्या गाडीवर लावणे जिकिरीचे असते.

सामग्रीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. त्र्यंबक–इगतपुरीकडील पावसात लोखंड व ॲल्युमिनियम एकमेकांस टेकून राहिल्यास ॲल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत आणि पोकळ दांड्यास खालून पाणी निथळण्यापुरते एक भोक ठेवावे.

हे ब्रॅकेट नेमके केव्हा काढावयाचे, याविषयीही गैरसमज आढळतो. नाशिक परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरत असे, तशा स्पर्धांत रस्ता बंद केलेले टप्पे आणि ते जोडणारे खुले रस्ते आलटून पालटून येतात. खुल्या रस्त्यावर रॅलीची मोटारही इतर मोटारींसारखीच असते. म्हणून रॅलीसाठी पाटी काढण्याची सोय निरुपयोगी होय. कोइमतूरची कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील बंदिस्त धावपट्टीवर मात्र ती उपयोगी पडते : गाडी स्वतःच्या चाकांवर तेथवर जाते, फाटकाच्या आत पाटी उतरते, आणि परत निघण्यापूर्वी पुन्हा चढते.

दुसरा प्रसंग अधिक घरगुती आहे. कसारा घाटात गाडी बंद पडली, तर ओढून नेण्यासाठी तीच टोइंगची नळी मोकळी करावी लागते. ब्रॅकेटच्या सळईस दोर बांधण्याचा विचारही करू नये, कारण ती काही शेकडा न्यूटनांसाठी बेतलेली असते आणि ओढण्याचे बल हजारोंत जाते. म्हणून मूळ हुक, कुलपाची किल्ली व लॉकनटाचा पाना ही तिन्ही गाडीतच, एका पिशवीत असावीत. ब्रॅकेट पुन्हा चढविल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बाही काढून नट एकदा आवळून पाहावा. नवे आटे तेवढ्या अंतरात थोडे बसतात.