नाक टेकलेला ट्रक

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकास, ईअरी सरोवराच्या काठी, बफेलो नावाचे शहर आहे. सरोवर गोठण्यापूर्वी ध्रुवाकडील थंड वारे त्याच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहू लागले, की ते वाटेत बाष्प उचलतात आणि काठावर येताच ते बर्फाच्या रूपाने अरुंद पट्ट्यांत खाली टाकतात. त्यामुळे एका वस्तीतील अंगण कोरडे असावे आणि पाच-सात मैलांवरील दुसऱ्या वस्तीत घराचे दार उघडणे मुश्कील व्हावे, हा तेथील नित्याचा अनुभव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या दक्षिणेस असलेल्या ऑर्चर्ड पार्क येथे एकाच वादळात सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडले.

या बर्फाच्या बंदोबस्ताचे काम तेथे वाटून दिलेले असते. राजरस्ते सरकारचे आणि नगरपालिकांचे अजस्र ट्रक मोकळे करतात. परंतु दुकानांपुढील वाहनतळ, रुग्णालयांची आवारे आणि घरांसमोरील वाटा यांचा मक्ता बहुधा लहान कंत्राटदारांकडे असतो, आणि त्यांची मुख्य दौलत म्हणजे फोर्डचा एफ-२५०, रॅम २५०० किंवा शेवरोलेचा सिल्व्हराडो २५०० अशा जातीचा एखादा दणकट पिकअप ट्रक व त्याच्या तोंडाशी जोडलेले आठ फुटी पोलादी पाते. यालाच तेथे स्नो-प्लाऊ म्हणतात. मोसमाच्या आरंभी हे पाते जोडून ते वर उचलण्याची कळ दाबली, की पाते तर उठते, पण त्याबरोबर ट्रकचे नाक खाली जाते आणि पाठीमागची बाजू किंचित वर येते. काही अंशी हे स्वाभाविकच आहे. मात्र नाक इतके खाली यावे, की उचललेले पाते रस्त्यावरील प्रत्येक उंचवट्यास घासावे, दिव्यांचा झोत चार पावलांवर जमिनीतच जिरावा आणि लहानशा खड्ड्यातही सांगाडा आसावरील रबरी गट्ट्यावर धाडकन आपटावा, अशी अवस्था आली म्हणजे मालक गॅरेजचा रस्ता धरतो.

तेथे त्याची पहिली कैफियत बहुधा अशी असते, की पाते अवघे ३६० किलोचे आहे आणि हा ट्रक तर एक टनाहून अधिक माल लीलया वाहतो, मग एवढ्याशा ओझ्याने तो का वाकावा? या प्रश्नाचे उत्तर तरफेच्या नियमात आहे. भरलेली घागर कमरेवर घेऊन मैलभर चालणारी बाई तीच घागर हात लांब करून क्षणभरही धरू शकणार नाही. ओझे तेच, परंतु त्याचे आधारापासूनचे अंतर वाढले. ट्रकच्या हौद्यातील माल दोन आसांच्या दरम्यान किंवा मागील आसाच्या आसपास असतो, तर पाते पुढील आसाच्याही पुढे लोंबकळत असते. दोन आसांमधील अंतर ३.६ मीटर आणि पात्याचा गुरुत्वमध्य पुढील आसाच्या दीड मीटर पुढे, असा हिशेब धरला तर ३६० किलोचे पाते पुढील आसावर ५१० किलोंचा भार टाकते आणि मागील आसावरून १५० किलो काढून घेते. ब्रेक दाबताना वा बर्फावरून वळताना मागची चाके घसरू लागतात, त्याचे कारण हेच. शिवाय हा सारा हिशेब उभ्या गाडीचा झाला. खाचखळग्यांतून धावताना बसणाऱ्या हिसक्यांत हाच भार क्षणमात्र कितीतरी वाढतो.

स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात ती उलट रेटा देते, हा रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेत घोकलेला असतो. एक सेंटीमीटर दबण्यास ८५ किलो मागणारी स्प्रिंग प्रत्येक बाजूस असेल, तर वाढलेल्या ५१० किलोंमुळे ट्रक सुमारे तीन सेंटीमीटर खाली येणार, यात स्प्रिंगचा दोष काडीमात्र नाही. दोष येतो तो वयाने, अतिभाराने आणि मिठाने. वर्षानुवर्षे मर्यादेपलीकडे दबत राहिलेले पोलाद आपली मूळ उंची कायमची गमावते. आपल्याकडे मालट्रकांचे चालक ज्याला ‘पाटे बसले’ म्हणतात, तोच हा विकार. आणि बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर जे मीठ व खारे पाणी ओतले जाते, ते स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेढ्यात, जेथे ती बैठकीवर टेकते त्या सांदीत, चिखलासह साचून राहते. वरून काळीभोर, धडधाकट दिसणारी स्प्रिंग तारेच्या ब्रशने घासून पाहावी, तो त्या शेवटच्या वेढ्यावरून गंजाचे पापुद्रे सुटून पडतात आणि कधी कधी वेढ्याचा टोकाकडील वीतभर तुकडा केव्हाच मोडून बैठकीत नुसता पडलेला आढळतो.

म्हणून जाणता मिस्त्री पान्याला हात घालण्यापूर्वी मोजपट्टी काढतो. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, चारही टायरांतील हवा नेमकी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर तो दोन्ही बाजूंस दोनदा घेतो: पाते उतरवून एकदा, आणि पाते जोडून उचलल्यावर एकदा. पाते नसतानाच गाडी कारखान्याच्या पुस्तकातील उंचीपेक्षा खाली असेल, किंवा एक बाजू दुसरीहून ठळकपणे उतरली असेल, तर स्प्रिंग बसली वा मोडली आहे, ती जोडीनेच बदलली पाहिजे. एकच बदलण्याची काटकसर गाडीला कायमची लंगडी करते. उलट, पाते नसताना उंची ठीक आणि पाते उचलताच नाक टेकते, असे असेल तर स्प्रिंग निरोगी आहे, पण या कामास अपुरी आहे. या दोन रोगांची चिकित्सा एक नव्हे.

चिकित्सेतील घोटाळा मुख्यतः सिल्व्हराडोसारख्या गाड्यांत होतो. फोर्डच्या एफ-२५० च्या चारही चाकांना गती देणाऱ्या प्रकारात पुढे १९९९ ते २००४ पर्यंत पाट्यांची स्प्रिंग होती, २००५ पासून वेटोळ्याची आली. रॅममध्येही वेटोळेच असते. शेवरोलेमध्ये मात्र लांब पोलादी दांड्याला पीळ देऊन त्याचीच स्प्रिंग केलेली असते, आणि त्या दांड्याच्या मागील टोकाशी उंची जुळविण्याचा एक बोल्ट असतो. तो बोल्ट आवळला, की ट्रकचे नाक पाहता पाहता वर येते. खर्च नाही, सुटा भाग नाही, अर्ध्या तासाचे काम. मालक खूश होऊन निघून जातो. वस्तुतः दांड्याचा कडकपणा तसूभरही वाढलेला नसतो, फक्त त्याची सुरुवातीची जागा सरकलेली असते. पाते उतरविल्यावर चाकाला खाली जाण्यास वाव उरत नाही, चाकांना गती देणाऱ्या सांध्यांचा कोन तीव्र होऊन ते लवकर झिजतात, आणि चाकांचे अलाइनमेंट बिघडून टायरांची एक कड खाल्ली जाते. वेटोळ्याखाली जाड चकती घालण्याचा उपायही याच कुळातला: उंची मिळते, बळ मिळत नाही. नवे, महागडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसविण्याचा सल्ला तर निव्वळ गैरसमजातून येतो. त्यांचे काम हेलकावे शमविण्याचे आहे, ओझे पेलण्याचे नाही.

खरे बळ वाढते ते अधिक कडक स्प्रिंगने. पात्यासाठी सज्ज म्हणून मागविलेल्या ट्रकांत कारखानाच तशी स्प्रिंग घालतो, आणि जुन्या गाडीस तीच मागवून बसविणे हा सर्वांत सरळ मार्ग होय. पाट्यांच्या गाडीत एखादा पाटा वाढवावा. जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हा बाक दिला आणि पोलादाला योग्य पाणी दिले नाही, तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा बसतात. कडक स्प्रिंगची किंमत मात्र उन्हाळ्यात मोजावी लागते, कारण पाते नसलेला ट्रक मग खडखडत, उडत चालतो. ज्यांना ही शिक्षा नको, त्यांच्यासाठी रबरी गट्ट्याच्या जागी बसणारी पोकळ रबराची स्प्रिंग आहे. नाक पुरेसे खाली येईपर्यंत ती जवळजवळ अलिप्त राहते आणि मग भार अंगावर घेते. काहीजण वेटोळ्याच्या पोटात हवेची पिशवी घालून हिवाळ्यात ती फुगवितात व वसंतात सैल करतात. ही योजना सोयीची आहे, पण कडाक्याच्या थंडीत नळीचा सांधा पाझरला तर पहाटे चार वाजता, ऐन कामाच्या वेळी, नाक पुन्हा जमिनीकडे वळलेले असते. माझे मत विचाराल तर रबराच्या बाजूने पडेल.

कोणताही उपाय केला तरी अलाइनमेंट नव्याने जुळवावे, बॉल जॉइंट व टाय रॉड तपासावेत आणि दिव्यांचा झोत खाली आणावा, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील. दाबलेल्या वेटोळ्यात साठलेली शक्ती हाडे मोडण्यास पुरेशी असते, तेव्हा योग्य साधनाशिवाय ती सोडविण्याचे साहस घरच्या घरी कोणी करू नये.

यांपैकी बहुतेक खर्चाच्या आधी करावयाची एक तजवीज फार स्वस्त आहे, आणि म्हणूनच बहुधा तिची उपेक्षा होते. हौद्यात मागील आसाच्याही मागे, फाळक्याला लागून, वाळूची पोती घट्ट बांधून ठेवावीत. आसाच्या १.२ मीटर मागे ठेवलेली २२५ किलो वाळू पुढील आसावरून ७५ किलो उतरविते आणि मागील आसावर ३०० किलो चढविते. नाक उठते, आणि पात्याने हिरावून घेतलेली मागच्या चाकांची पकड व्याजासह परत मिळते. पोती मागील आसाच्या पुढे, चालकाच्या पाठीशी रचली, तर मात्र पुढचे ओझे उलट वाढते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिकटपट्टी असते आणि तीवर पुढील आसाची भारमर्यादा कारखान्याने मुकर्रर करून छापलेली असते. नवी स्प्रिंग, रबर किंवा हवा यांनी तो आकडा एका किलोनेही वाढत नाही. कारण आस, बेअरिंगे, ब्रेक आणि टायर जुनेच राहतात. पाते उचललेले, टाकी भरलेली, चालक व सोबती बसलेले आणि मागे वाळू बांधलेली, अशा पूर्ण तयारीने ट्रकची केवळ पुढची चाके वजनकाट्यावर घ्यावीत. पावतीवरील आकडा दारावरील आकड्याच्या आत असेल तर स्प्रिंगवर खुशाल खर्च करावा. तो बाहेर गेला, तर स्प्रिंगला हात लावू नये. हलके पाते घ्यावे, नाहीतर त्याहून थोरला ट्रक.