रिकाम्या बाजारात पहिला कोण येणार?

गडचिरोली जिल्ह्यात आठवडी बाजाराला माल लावणाऱ्या दुकानदाराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. नुसती पाले ठोकून बाजार भरत नाही. कापडवाला येतो तो गिऱ्हाईक येणार म्हणून, आणि गिऱ्हाईक येते ते कापडवाला, बांगडीवाला, मिरची-मीठवाला आणि चार सोयरे एकाच दिवशी एकाच ठिकाणी भेटणार म्हणून. नव्या गावी नवा बाजार सुरू करायचा म्हटला की पहिले काही आठवडे माल तसाच परत गाडीत भरावा लागतो. पुष्कळांची हिंमत तिथेच सुटते.

हे आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा, आलापल्ली या भागातल्या व्यापारी व कारागीर घरांतली मुले आता संगणक शिकून परत येऊ लागली आहेत. त्यांतला एखादा वडिलांना म्हणतो, "अब्बा, आपल्या भागाचं स्वतःचं ॲप काढतो. लोक फोटो टाकतील, गप्पा मारतील, दुकानांच्या जाहिराती येतील. दोन-तीन लाख द्या." गॅरेज टाकायचे असते तर वडिलांनी जागा, वर्दळ, हत्यारे यांचा हिशेब पाच मिनिटांत केला असता. ॲपचा हिशेब कसा करावा हे त्यांना उमगत नाही, आणि मुलानेही तो केलेला नसतो.

ॲप तयार करणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठी २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. नवीन वैयक्तिक खाते असेल तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस त्या ॲपच्या चाचणीत राहावे लागते. हे १२ जण टिकवतानाच मुलाला घाम फुटला, तर वडिलांनी तेव्हाच ओळखावे.

खरा प्रश्न पाले ठोकल्यानंतरचा आहे. माणूस ॲप उघडतो, आत कोणीच नसते, तो बंद करतो आणि पुन्हा येत नाही. तो काही रिकामा बसलेला नाही. त्याचे मामा, साडू, उधारीचे गिऱ्हाईक आणि मशिदीच्या कमिटीतले लोक व्हॉट्सॲपवर आधीच आहेत. नव्या ॲपला भरलेल्या बाजारातून माणूस उठवून रिकाम्या बाजारात आणायचा असतो.

ज्यांना हे जमले त्यांनी बहुधा लहान जागेतून सुरुवात केली. फेसबुक २००४ च्या फेब्रुवारीत निघाले ते फक्त अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी. सर्वांना ते २००६ च्या सप्टेंबरमध्ये खुले झाले. आपल्याकडील शेअरचॅटची कथा याहून बोधप्रद आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तून निघालेले अंकुश सचदेवा, फरीद अहसन आणि भानू प्रताप सिंग हे तिघे तरुण. त्यांचे आधीचे बरेच प्रयोग फसले होते. मग त्यांच्या लक्षात आले की फेसबुकवर अनोळखी लोक आपले फोन नंबर उघड लिहून "मला ग्रुपमध्ये घ्या" अशी विनंती करताहेत. लोकांना आपल्या भाषेत सुप्रभातचे चित्र, शायरी, विनोद हवे होते आणि ते मिळण्याची जागा नव्हती. २०१५ मध्ये शेअरचॅट निघाले. त्यात मराठी होती, हिंदी होती, इंग्रजी मात्र मुद्दाम ठेवली नाही. इंग्रजी आली की आपला माणूस संकोचून गप्प बसतो हे त्यांनी ताडले होते. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यापाड्यांतले लोक इंटरनेटवर आले. अक्कल आणि नशीब यांची अशी गाठ रोज पडत नाही.

पण गर्दी झाली म्हणजे गल्ला भरला असे नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. जागा रिकामी झाली. शेअरचॅटने काही दिवसांतच मोज नावाचे व्हिडिओ ॲप काढले. मात्र त्याच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. त्यांच्याकडे बाजार आधीच भरलेला होता, त्यांनी फक्त एक नवे दुकान उघडले. २०२२ मध्ये शेअरचॅटची किंमत सुमारे ५ अब्ज डॉलर धरली जात होती. २०२३ च्या जानेवारीत तिने सुमारे २० टक्के कर्मचारी कमी केले आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिघांपैकी दोन संस्थापक रोजच्या कामातून बाजूला झाले. पुढे कंपनीची किंमतही बरीच खाली आली.

कू या ॲपचे काय झाले ते तर प्रत्येक होतकरू तरुणाने वाचावे. २०२० मध्ये बंगळुरूत अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी ते सुरू केले. भारतीय भाषांतले ट्विटर अशी त्याची ओळख होती. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकार आणि ट्विटर यांचे वाजले, मंत्री कूवर आले आणि त्यांच्यामागे लाखो लोक आले. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ५ कोटींहून अधिक वेळा फोनमध्ये उतरवले गेले होते. पण रोज येणाऱ्यांची संख्या, अगदी भरभराटीच्या काळातही, सुमारे २१ लाख होती. ॲप चालवण्याचा तांत्रिक खर्च मोठा होता, मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि २०२४ च्या जुलैमध्ये कू बंद होत असल्याचे जाहीर झाले. भांडणामुळे आलेले गिऱ्हाईक भांडण मिटले की जुन्या दुकानाकडे वळते. कोणत्याही पेठेत हे पाहायला मिळते.

आता आपल्या जंगलभागाकडे या. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आत. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला माणसे ७४. सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली, भामरागडकडे माडिया, बाकी गोंडी, मराठी, हिंदी. एक ॲप आणि एक भाषा हे गणित इथे बसतच नाही. त्यात टॉवरचा प्रश्न. नक्षलग्रस्त भागांतले सरकारी टॉवर पुष्कळ वर्षे टू-जीचेच होते. ते फोर-जी करण्याच्या २,४२६ कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. जिथे व्हिडिओ फिरत-फिरत अडकतो तिथे व्हिडिओचे ॲप काढणे म्हणजे पुरात बैलगाडी घालणे.

तरीही याच गोंडी मुलुखात, आपल्या सीमेपलीकडील छत्तीसगडमध्ये, एक जाळे उभे राहिले आणि त्याला स्मार्टफोनही लागला नाही. बी.बी.सी.मध्ये काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू केले. साध्या फोनवरून नंबर लावायचा, एक बटण दाबून आपली हकीकत बोलायची, दुसरे दाबून इतरांची ऐकायची. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. गोंडीसाठी हे फार मोलाचे होते. ही भाषा बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख, पण ती लिहितात देवनागरीत, तेलुगू लिपीत आणि स्वतःच्या निरनिराळ्या लिप्यांतही. हातपंप बंद आहे, मजुरी अडली आहे, अशा तक्रारी लोक बोलत, संपादक त्या तपासत, मग त्या सर्वांना ऐकू येत. ऐकणारे संबंधित साहेबाला फोन करत. कित्येक कामे अशी मार्गी लागली. पुढे ध्वनिफिती एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये ब्लूटूथने फिरू लागल्या. त्याला नाव पडले बुलटू रेडिओ.

लोक इथे का टिकले? तक्रार सांगितली की पंप दुरुस्त होई, म्हणून. करमणूक देणाऱ्या बड्या कंपन्यांशी आपला मुलगा स्पर्धा करू शकणार नाही. पंप दुरुस्त करून देण्यासारखे काही असेल तर करू शकेल. पण याही उपक्रमाचा भार बोलणाऱ्यांच्या पैशांवर नव्हता, तो देणग्या-अनुदानांवर होता. माणसे वाढली की बिल वाढते, हे तिथेही चुकले नाही.

"जाहिराती मिळतील" हे उत्तर ऐकायला बरे वाटते. फेसबुकसारख्या कंपनीला २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडातील एका माणसामागे सरासरी ६८ डॉलर मिळाले. सगळ्या आशिया-प्रशांत भागात साडेपाच. ही जगातल्या सर्वांत मोठ्या जाहिरात दुकानाची कमाई. आपल्या दोन जिल्ह्यांतला किराणावाला, टेलर, फर्निचरवाला जाहिरातीला महिन्याला किती देईल ते वडिलांनी स्वतःच्या वहीत पाहावे. मुलाला ते माहीत नसते.

आणखी एक जोखीम आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या काळात अशा अफवा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. बाजार भरवणाऱ्याला बाजारातल्या भांडणाचीही जबाबदारी घ्यावी लागते. रात्री दोन वाजता कोणी विखारी मजकूर टाकला, कोणाच्या मुलीचा फोटो टाकला, तर तो काढणार कोण? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. चार मित्रांनी मिळून काढलेल्या ॲपमध्ये या कामाला माणूस ठेवलेलाच नसतो.

म्हणून, व्यापारी बांधवांनो, मुलाला एकदम नाही म्हणू नका, आणि दोन-तीन लाखही एकदम देऊ नका. त्याला एकच धंदा निवडायला सांगा. समजा, चंद्रपूर-बल्लारपूरचे गॅरेजवाले. कोणाकडे कोणता जुना पार्ट आहे, कोणाला हवा आहे, एवढ्याचाच एक साधा व्हॉट्सॲप ग्रुप त्याने चालवावा. पन्नास माणसे पुरेत. सहा आठवड्यांनी त्याचा फोन मागून घ्या आणि वर सरकवत पाहा. मुलाने स्वतः टाकलेले संदेश वगळा, सुप्रभात वगळा. "पार्ट मिळाला, घेऊन गेलो" असे किती उरतात ते मोजा. तो आकडा दर आठवड्याला चढत असेल तर ॲपला किती लागतील हे विचारायला बसा, आणि पार्ट मिळाल्याबद्दल दहा रुपये द्यायला त्यातले कितीजण तयार आहेत, तेही त्याच बैठकीत विचारा.